आठ दिवस ठिवून बघा

माझ्या आईनं आयुष्यात कुणाला "घेता का?" असं विचारलं नाही. बाबा गेल्यावर तिनं साड्यांची पिशवी उचलली आणि ताडकळस, वालूर, सोनपेठ अशी बाजाराची गावं एस्टीनं धरली, तेव्हापासून तिची विकायची एकच रीत. घरात शिरायचं, पाणी मागायचं, सासूच्या गुडघ्यांची चौकशी करायची आणि निघताना सुनेच्या खांद्यावर एक साडी टाकून म्हणायचं, "ऱ्हाऊ दे आठ दिवस. ठिवून बघा. न्हाई आवडली तर पुढल्या बाजारला घेऊन जाते." पुढल्या बाजारापर्यंत शेजारणी साडी बघून जायच्या, नवरा एकदा तरी "चांगली दिसायली" म्हणायचा, आणि साडी काही परत यायची नाही. संध्याकाळी आई रिकामी पिशवी हलवत गल्लीत शिरली की मला लांबूनच कळायचं, आज स्वारी खुश आहे.

मी फोटोग्राफर. परभणीत विहाराच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर, आणि पुढच्या खोलीत माझे लाइट, थर्मोकोलचे पत्रे, कॉम्प्युटर असा सगळा पसारा. लग्नं आणि बारशी करून करून मी बेजार झाले होते. मला दुकानांची, मालाची, कारखान्यांची कामं हवी होती. डाळीचं पोतं कसं, ठेवलं तिथं गप बसतं. फोटो काढताना त्याचा मामा येऊन लेन्ससमोर उभा राहत नाही.

पण ती कामं मिळवायची कशी? पुस्तकी पद्धतीनं मी सगळं केलं. कार्ड छापलं, चांगल्या फोटोंची पीडीएफ बनवली, गावभर पाठवली. दोन निळ्या खुणा यायच्या आणि पुढं शांतता. स्वतः गेले तर "बघून सांगतो मॅडम." एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मालक म्हणाला, "फोटो काय, आमचं पोरगं बी मोबाइलवर काढतंय." मी म्हटलं, "मग ट्रॅक्टर पण त्याच्याकडूनच बनवून घ्या की!" झालं. तिथलं दार कायमचं बंद. माझी जीभ अशीच आहे, ती माझ्याआधी बोलते.

त्यातच पुण्याच्या एका स्टुडिओनं बोलावलं. ऑनलाइन विकायच्या कपड्यांचे फोटो काढायचे, पगारी नोकरी, पुढच्या महिन्यात हजर व्हायचं. मला जायचं नव्हतं. पण इथं लग्नांवरच आयुष्य काढायचं असेल तर त्यापेक्षा पुणं बरं, असं मी स्वतःला बजावलं होतं. महिना संपायच्या आत एक जरी धडाचं काम मिळालं तर इथंच राहायचं, नाहीतर बॅग भरायची आणि आईला एकटीला ठेवून जायचं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती वांगी चिरत होती. म्हणाली, "बघ बाई. तुझं तू ठरव." बस्स, एवढंच! वर मान करून बघितलंसुद्धा नाही. मला इतका राग आला म्हणता! एकुलती एक पोर घर सोडून चाललीय, आणि हिला वांग्याच्या फोडींची पडलीय.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पीडीएफ पाठवत बसले होते, तर ती मागं येऊन उभी राहिली.

"काय करायलीस?"

"मार्केटिंग."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हंजे कुणालाच न्हाई," ती म्हणाली. "अगं, त्याला दुसऱ्याच्या मालाचे फोटो कशाला दाखवायलीस? शेजारणीच्या अंगावरची साडी बघून कुणी साडी घेतं का? त्याच्या सुनेच्या खांद्यावर टाकावी लागती."

त्या आठवड्याच्या बाजाराला तिनं मला सोनपेठला ओढूनच नेलं. तिथं रस्त्याला लागून एका गुऱ्हाळवाल्याचं दुकान आहे. त्याच्या घरी आईच्या साड्या जायच्या, त्यामुळं तो तिला मावशी म्हणायचा. आईनं पाणी मागितलं, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग जणू आत्ताच आठवलं असं दाखवत म्हणाली, "आमची पोर फोटो काढती. तुमच्या गुळाचा एक काढू द्या. काही द्यायचं न्हाई, घ्यायचं न्हाई." तो बिचारा काय बोलणार? मी ढेप दारातल्या उजेडात ठेवली, शेजारी फोडलेला खडा, खाली उसाचं पाचट. उजेड गुळावर पडावा म्हणून आई थर्मोकोलचा पत्रा धरून उभी राहिली. मी हात वर म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली. उभ्या जन्मात तिनं माझं इतकं ऐकलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला आम्ही तो फोटो मोठा करून, फ्रेम करून नेला. आईनं गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर, येणाऱ्याच्या बरोबर नजरेसमोर, कॅलेंडर काढून त्याच खिळ्याला अडकवला. "ऱ्हाऊ द्या आठ दिवस. ठिवून बघा."

तिसऱ्याच दिवशी मालकाचा फोन. आवाज चढलेला. "ताई, तो फोटो घेऊन जा तुमचा. गिऱ्हाईक इचारायलेत, मालक, तुमी बी पावडर टाकायला लागले का म्हणून. माझा गूळ बिनकेमिकलचा हाय, काळा हाय. हा पिवळाधम्मक कुणाचा?"

मी कॉम्प्युटर उघडून बघितलं आणि कपाळावर हात मारला. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीला उजळ करायची इतकी सवय, की "पोरीला जरा गोरी करा" हे कुणी म्हणायच्या आत माझा हात तिकडं जातो. त्या हातानं गुळालाही सोडलं नव्हतं. तांबूस काळी, जाड कणाची ती ढेप हळद लावल्यासारखी पिवळी करून ठेवली होती. तरी मी आईपुढं तणतणलेच. फोटो म्हणून तो चांगलाच आहे, त्या माणसाला काही कळत नाही, मी मुळीच जाणार नाही!

"चल," आई म्हणाली. "साडी परत आली की आधी आपणच हात पुढं करायचा."

दुकानात मालक फुगून बसला होता. दोन-चार गिऱ्हाइकं उभी होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं माझा दंड असा दाबला की शब्द घशातच राहिला. आणि ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मालक, चूक झाली. आमची पोर लग्नाचे फोटो काढती. तिनं तुमच्या गुळाला नवरी समजून गोरं केलं."

मालकानं माझ्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, आणि असा हसत सुटला की गल्ल्यावर हात आपटायला लागला. गिऱ्हाइकंही हसली. एक म्हातारा म्हणाला, "मग हुंडा बी मागा आता!" मलाही हसू आवरेना. आई मात्र गंभीर. "हसू नका. मी बी काळीच हाय. मला फोटोत गोरं केलं तर माझी पोर बी मला वळखायची न्हाई. हिला आता जसा हाय तसाच काढायला लावते."

काय बाई होती ती त्या क्षणी! मी कॅमेरा शिकले, लाइट शिकले, कोर्स केले, पण भरल्या दुकानात आपली चूक अशी मांडायची की समोरचा राग विसरून आपल्या बाजूनं हसायला लागेल, ही कला मला सात जन्मांत यायची नाही. त्या दिवशी मी पुन्हा फोटो काढला. या वेळी आईनं पत्रा बाजूला ठेवला. मीच सांगितलं तिला, कारण अंधारात एका बाजूनं येणारा उजेडच त्या काळ्या कणांना चमक देत होता. कॉम्प्युटरवर बसल्यावर मी उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला म्हटलं तरी चालेल. पुढल्या बाजाराला नवी फ्रेम त्याच खिळ्याला अडकली आणि आईचं ठरलेलं वाक्य पुन्हा झालं.

पण तोवर महिना संपत आला होता. तिकडून पुण्याचा फोन, की सोमवारी हजर व्हा. रेल्वेचं तिकीट काढलं. बॅग मी भरणार होते, पण आई म्हणाली, "तू सर, मी भरते." तेव्हाही ती काही बोलली नाही. मी दार आपटून बाहेर गेले. एकदा तरी "नको जाऊ" म्हण की, माय! तेवढं म्हणायला काय जातं?

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही फ्रेम आणायला सोनपेठला गेलो. दुकानात गर्दी होती. आई आपली सरळ भिंतीकडं गेली आणि तिनं फ्रेमला हात घातला.

"ओ मावशी, काय करायल्या?" मालक ओरडला.

"घेऊन जाते. आठ दिवस झाले."

"घेऊन जाते म्हंजे? भिंत कशी उघडी दिसंल!"

आईनं हात काढला नाही. "मग काय करावं म्हणता?"

मालक माझ्याकडं वळला. "ताई, माणसं फोटोकडं बोट दाखवून म्हणतात, ह्योच गूळ द्या. आता असं करा, काकवीचा काढा, लहान ढेपीचा काढा, डब्याचा काढा. गुऱ्हाळ चालू हाय तोवर रस उकळत्या काहिलीचा बी काढा. आन् वालूरला माझ्या मेव्हण्याची डाळमिल हाय, त्यानं परवा हा फोटो बघितला. तो तुमची वाट बघायलाय. कधी जाता?"

मी आईकडं बघितलं. ती फ्रेम सरळ करण्यात गुंग होती, जणू या बोलण्याशी तिचा काडीचा संबंध नाही.

"सोमवारी," मी म्हटलं. "सोमवारी जाते वालूरला."

परतीच्या एस्टीत मी पुण्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. आईनं सगळं ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर मी बॅग रिकामी करायला घेतली. चेन ओढली आणि चक्रावलेच. आत तीन ड्रेस, टॉवेल आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. बाकी काही नाही. स्वेटर नाही, चादर नाही, माझी कागदपत्रंसुद्धा नाहीत.

"आई, हे काय गं? मी नोकरीला चालले होते ना? एवढ्यात काय होतं?"

"आठ दिवसाचं हाय," ती म्हणाली.

"आठच दिवसांचं?"

"ठिवून बघणार होते तुला. न्हाई जमलं तर आणायला आले असते." तिनं बरणी उचलली आणि फडताळात नेऊन ठेवली.

माझा इतक्या दिवसांचा सगळा राग कुठल्या कुठं गेला. तरी जीभ ती जीभच. म्हटलं, "आणि त्यांनी ठेवूनच घेतलं असतं तर?"

तिनं फडताळातल्या बरणीचं झाकण पुन्हा घट्ट केलं.

"तर काय. आले असते की रिकामी पिशवी घेऊन," ती म्हणाली. "पर त्या दिवशी गल्लीतून हलवत न्हाई आले असते."