फळ्याकडे न बघणारी

मावशी दवाखान्याच्या धुलाईघरात काम करते. ओल्या चादरी तापलेल्या रुळांतून सरकवायच्या, पलीकडून निघाल्या की घड्या घालायच्या. आठ तास उभ्याने. तरी ड्यूटीच्या आधी ती रोज बारा किलोमीटर चालायची, आणि तेही शर्यतीचं चालणं, कंबर हलवत, ताठ गुडघ्यांनी. धुलाईघरातल्या बायका म्हणायच्या, "अगं, धावायचं तर सरळ धाव की. हे काय, घाईची लागल्यासारखं?" मावशीही त्यांच्याबरोबर हसायची.

या चालण्याचे नियम कडक असतात. एक पाय कायम जमिनीला हवा आणि पुढे टाकलेल्या पायाचा गुडघा वाकता कामा नये. शंका आली की पंच पिवळी चकती दाखवतो, म्हणजे सांभाळ. चूक झालीच असं वाटलं तर तो मुकाट्याने लाल चिठ्ठी लिहितो. ती चालणाऱ्याला दाखवत नाही. वळणावरच्या फळ्यावर त्याच्या नंबरापुढे लाल फुली पडते. तीन फुल्या झाल्या की बाहेर.

सहा वर्षांपूर्वी मावशीने फळ्यावर आपल्या दोन फुल्या पाहिल्या आणि घाबरून पुढच्या शंभर पावलांत तिचा गुडघा वाकला. तिसरी फुली पडली. तेव्हा तिला शिकवणाऱ्या मास्तरांनी सांगून टाकलं, "यापुढे फळ्याकडे बघायचं नाही. फुल्या मोजणं तुझं काम नाही, तू पावलं मोज." मावशी दुधाने पोळलेली. वळण आलं की तिची मान खाली जायची, सरावातसुद्धा, जिथे फळा नसायचाच.

मला ते पटत नव्हतं. "न बघितल्याने आकडा बदलत नाही, मावशी. फक्त तुला कळत नाही."

"कळून काय करू? माझं डोकं म्हणजे काय तुझं हिशेबाचं यंत्र आहे, आकडा टाकला की उत्तर द्यायला?"

आई शेजारीच भाजी निवडत होती. म्हणाली, "मन चिंती ते वैरी न चिंती. आणि हिचं मन तर तिन्ही पाळ्यांत कामावर."

यंदाची निवड चाचणी दहा किलोमीटरची होती, एक किलोमीटरच्या दहा फेऱ्या. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत आली तर संघात. डॉक्टरांनी गुडघे दाबून बघून पुढच्या वर्षाचं नावही काढू नका म्हणून बजावलं होतं, म्हणजे ही शेवटची.

मी घड्याळ घेऊन मास्तरांबरोबर उभा होतो. फळा पार पलीकडच्या टोकाला, आमच्या जागेवरून दिसत नव्हता. सात फेऱ्या मावशीने प्रत्येकी चार मिनिटं चव्वेचाळीस सेकंदांत काढल्या, एकदम घड्याळासारख्या. आठवीच्या सुरुवातीला, आमच्या समोरच, पंचाने पिवळी चकती दाखवली.

आठवी चार त्रेपन्न. नववी पाच मिनिटं.

"का मंदावली?" मी मास्तरांना विचारलं. "मी पळत जाऊन फळा बघून येतो."

त्यांनी माझं मनगट धरलं. "नको. तुझा चेहरा तिला लगेच वाचता येतो. दोन फुल्या असल्या तर?"

मी थांबलो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते तिने नंतर सांगितलं. चकतीनंतरच्या वळणावर तिने मान खाली घातली आणि ठरवून टाकलं की एक फुली पडली असणार. पुढच्या वळणावर ठरवलं, दुसरी पडली. मग तिने प्रत्येक पाऊल जपून टाकलं, शेवटची फेरी तर निसरड्या फरशीवरून चालावं तशी. पाच मिनिटं आठ सेकंद.

एकूण अठ्ठेचाळीस मिनिटं नऊ सेकंद.

ती पाण्यापाशी थांबली नाही. तशीच चालत फळ्यापाशी गेली, मी मागोमाग. तिच्या तेवीस नंबरापुढची जागा कोरी होती.

"माझ्या फुल्या पुसल्या का?" तिने तिथल्या माणसाला विचारलं.

"तुमच्या? नव्हत्याच, ताई. एकही नाही."

मास्तर धापा टाकत पोहोचले. फळ्याकडे बघून म्हणाले, "चूक माझी. मीच सांगितलं होतं बघू नको म्हणून."

"मोजू नको असंही सांगितलं होतंत," मावशी म्हणाली. "बघणं सोडलं मी. मोजणं नाही सुटलं."

मास्तर तिची पाण्याची बाटली शोधायला गेले. मावशी रस्त्याच्या कडेला बसली. तिने मला विचारलं, "पहिल्या सात फेऱ्यांसारखीच शेवटपर्यंत गेले असते तर?"

"माहीत नाही."

"तुला माहीत नाही? तुला?"

"सत्तेचाळीस वीस," मी सांगितलं.

तिने तो आकडा दोनदा पुटपुटला.

"तीन फुल्या पडल्या असत्या तर बरं झालं असतं रे," ती म्हणाली. "पंचांना चार शिव्या घालून झोपले तरी असते."