'परत या' म्हणायचं नाही

ठाण्याला निघाले तेव्हा कणकवलीच्या एसटी स्टँडवर आईने चकल्यांचा डबा हातात कोंबला आणि बजावलं, "जाणाऱ्याक कधी मुक्यान पाठवू नको. 'परत येवा' म्हण. नायतर लोक म्हणतले, आयशीन काय शिकवल्यान नाय." नर्सिंगची परीक्षा मी पास झालेलेच होते, हा वरचा पेपर.

गावी राहिलेले तुम्ही विचारता, घोडबंदर रोडच्या त्या हॉस्पिटलात करतेस काय? फिरते. दर तासाला वॉर्डात राउंड आणि प्रत्येक बेडपाशी तेच: दुखतंय का, बाथरूमला जायचंय का, कूस बदलून देऊ का, काही लागलं तर बेल वाजवा. आपल्याकडे शेजारीणसुद्धा इतक्या चौकशा करत नाही.

नवीन होते तेव्हाची गोष्ट. टेंभी नाक्याच्या एका काकूंना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डिस्चार्ज मिळाला. मी व्हीलचेअर लिफ्टपर्यंत नेली आणि मनापासून म्हटलं, "परत या हं काकू." काकूंचा चेहराच पडला. मुलगा म्हणाला, "सिस्टर, आम्ही काय लॉज सोडून चाललोय?"

तक्रार मेट्रनबाईंकडे गेली. मी अजून कायम झाले नव्हते. बाई हसू दाबत म्हणाल्या, "अगं, त्यांचा दुसरा गुडघा अजून शाबूत आहे. इथून जाणाऱ्याला 'काळजी घ्या' म्हणायचं. पुन्हा असं झालं तर तुला ठेवणं माझ्या हातात नाही."

मग काय, आंघोळ करताना, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बसमध्ये, मी 'काळजी घ्या' घोकत सुटले. नोकरी टिकली. माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांनो, तुमचीही जीभ कुणीतरी अशीच वळवली असेल.

मे महिन्यात सुट्टीवर गेले. निघताना आई-बाबा घरापुढच्या खळ्यात उभे. बॅग उचलली आणि तोंडातून सरळ आलं, "काळजी घ्या. काही लागलं तर बेल वाजवा."

आई बघतच राहिली. आमच्या घराला बेल कुठली, दिवसा कडीसुद्धा लावत नाहीत. मला हसू आवरेना. बाबाही हसले आणि हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "वाजवू गो. पण ती ठाण्यात ऐकाक येतली मा?"

अनोळखी माणसांना मी दर तासाला विचारते, दुखतंय का. या दोघांना रविवारी फोनवर विचारते. ते "नाय" म्हणतात आणि मी फोन ठेवते. माझं घर म्हणजे आता ही दोन माणसं, आणि माझा राउंड तिथवर पोचत नाही.