ढमीचा एक तरी फोटो

माझ्या साडूंच्या कॅमेऱ्यासमोर बसण्यापेक्षा पोलिसांसमोर बसणं सोपं, हे मी पूर्ण विचार करून लिहितो आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम चौल. वीस वर्षं त्यांनी लग्नांचे फोटो काढले आणि एक दिवस जाहीर केलं की माणसं कॅमेरा दिसला की खोटी होतात, यापुढे फक्त जनावरं. घरच्यांना वाटलं, उतरेल खूळ. उतरलं नाही. आता सुट्टीच्या दिवशी बंगलेवाली मुंबईकर मंडळी आपापली कुत्री घेऊन रेवदंड्याच्या किनाऱ्यावर यांची वाट बघत उभी असतात, आणि हे पोटावर सपाट वाळूत पडलेले असतात, कारण फोटो जनावराच्या डोळ्याच्या उंचीवरूनच निघाला पाहिजे. मालकाने वीस पावलं लांब उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. एका बाईंनी न राहवून "ब्रुनो, स्माइल" म्हटलं, तर साडू उठले, वाळू झटकली, लेन्सला झाकण लावलं आणि म्हणाले, "बाई, तो तुमच्याकडे रोज बघतो. आज त्याला सुट्टी द्या." जनावराचं लक्ष वेधायला शर्टाच्या खिशात सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, बाळगतात. माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला त्यांच्या मागोमाग चार मांजरं मांडवात शिरली, तेव्हापासून समारंभात माझी बायको त्यांच्या शेजारी बसत नाही.

त्यांच्यासोबत फोटो काढायला जाणं हा जिवाला घोर असतो. एकदा एका शेतकऱ्याच्या शर्यतीच्या बैलाचा फोटो काढायचा होता, आणि पिशवी धरायला मी गेलो होतो. साडू बैलाच्या पुढ्यात आडवे झाले. बैलाने फुरफुर करून एक पाऊल पुढे टाकलं. शेतकऱ्याचा चेहरा उतरला. "दादा, उठा. त्याचा काय भरवसा न्हाय." साडू कॅमेऱ्यातूनच म्हणाले, "कुणी हलू नका. कान पुढे आलेत." दुसरं पाऊल त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर पडलं. मी ओळखीच्या सगळ्या देवांना नवस बोलून ठेवले. साडूंनी चाळीस फोटो काढले आणि संध्याकाळी ओटीवर बसून त्यातले एकोणचाळीस पुसून टाकले. त्यांची कसोटी एकच, जनावराची नजर थेट भिंगात हवी. ती जरा इकडे-तिकडे असली की "नजर नाही" म्हणायचं आणि अंगठा दाबायचा. रडणारे मालक, हात जोडणारे मालक, कुणाचंही चालत नाही.

आणि या माणसाच्या घरात ढमी होती. मोठ्या वादळात वाडीतल्या निम्म्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, तेव्हा त्या पसाऱ्यातून ही तपकिरी, गोलमटोल, अर्ध्या कानाची कुत्री बाहेर आली आणि सरळ झोपाळ्यावर जाऊन बसली. वय कुणालाच माहीत नव्हतं. साडू तिला 'ढमाबाई' म्हणत आणि अहोजाहो करत, जे सुख माझ्या मेव्हणीला, म्हणजे ताईंना, उभ्या संसारात मिळालं नाही. रोज उन्हं कलली की तिचे फोटो काढायचे, हा त्यांचा नेम. पण ढमी काही केल्या भिंगात बघायची नाही. कॅमेरा कुठेही धरा, ती त्याच्या वरून साडूंच्या तोंडाकडे बघणार. त्यांनी तोंडावर पंचा घेऊन पाहिला, तिने पंचा ओढून काढला. "अहो, इकडे नाही, काचेत बघा," असं ते अजिजीने सांगत आणि ती शेपटी हलवत त्यांच्या नाकाकडे बघत राही. मग सगळे फोटो पुसायचे. ताई म्हणायच्या, "एक तरी ठेवा." त्यावर उत्तर ठरलेलं, "उद्या नीट येईल."

गेल्या श्रावणात ताईंचा मला पेणला घरी फोन आला. "तुम्ही लगेच या. ढमीचं काही खरं नाही, आणि घरात तिचा एकही फोटो नाही." मी पोचलो तेव्हा ढमी पडवीत पडून होती. डॉक्टर मूत्रपिंडं गेली म्हणून सांगून गेले होते. दिवस निघाला तरी पुष्कळ. साडू भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि कॅमेरा कपाटात होता. "आजारी जनावराचा फोटो मी काढत नाही. हे लोकांना सांगतो, मग घरी नियम कसा मोडू?" ताई आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर चिडलेल्या मी पाहिल्या. "घरातलं माणूस गेलं की लोक तुमच्याकडे येतात, लग्नाच्या जुन्या फोटोतल्या घोळक्यातून त्याचं तोंड कापून मोठं करून न्यायला. आपण हिचं कुठून कापायचं?" ताईंनी माझ्या हातातल्या फोनकडे बघून मला 'तुम्ही काढा' अशी खूण केली. माझ्या बहुतेक फोटोंत माझंच बोट येतं. त्यात डोळ्यांसमोर हे गृहस्थ.

दुपारी साडू उठले, ढमीसमोर गेले आणि रिकाम्या हातांनी पोटावर आडवे झाले. मी खांबाला टेकून फोन धरला. बोट भिंगावर येत नाही ना, हे दोनदा पाहिलं. सकाळपासून तिने मान उचलली नव्हती. आताही उचलली नाही तर पुन्हा उचलेलच असं नव्हतं. साडू हळूच म्हणाले, "ढमाबाई." बराच वेळ काही झालं नाही. मग तिने मान वर केली आणि मी बटण दाबलं. फोनचा आवाज बंद करायला विसरलो होतो, तो सगळ्या पडवीभर झाला. साडूंनी मागे पाहिलं नाही. दिवेलागणीच्या आधी ढमी गेली. तिला वाडीत माडाखाली पुरलं.

तो फोटो दाखवायची मला पंधरा दिवस छाती झाली नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, "त्या दिवशी काढलात ना? दाखवा." फोन त्यांच्या हातात दिल्यावर मला आठवलं की याची दुसरी प्रत कुठेच नाही. ताई चहाचा कप घेऊन दारातच थांबल्या. निम्म्या फोटोत साडूंचं टक्कल, तेही धूसर, आणि त्याच्यापलीकडे ढमीचा चेहरा, त्यांच्याकडे बघणारा. साडूंचा अंगठा सवयीने पुसायच्या खुणेवर जाऊन थांबला. मग त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि कितीतरी वेळ पाहत राहिले.

"डाव्या कानात गोचीड आहे," ते म्हणाले. "मला दिसली होती. सकाळी काढणार होतो. म्हटलं, आता कशाला तिला त्रास."

ताईंनी कप खाली ठेवला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

तो फोटो आता ओटीवर आहे, चौकटीत. नवरीच्या गालावरचा तीळसुद्धा न सांगता पुसून टाकणाऱ्या या माणसाने छापताना ती गोचीड तशीच ठेवली. कुणी पाहुणा फोटोपाशी थांबला की साडू उठून जवळ जातात, तिच्यावर बोट ठेवतात आणि सांगतात, "ही काढायची राहिली."