डाव्या पायाची सूज

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही किरटं आहे, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितली. या घरात राहून ती सवय लागली.

कासारवाडीत मला मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी महिनाभर बाजेवरून उतरू दिलं नाही. खाली शेगडी, वर गोधडी, कूस बदलली तरी ओरडा. त्यात डावा पाय मांडीपासून सुजला, पांढराफटक, ताठ. मालिशवालीने तो रगडला. मी किंचाळले तर सासूबाई म्हणाल्या, "बाळंतिणीचं नखरं!"

जाऊबाई दारातूनच म्हणाल्या, "हत्तीपाय हाय ह्यो. हिच्या हंड्याला शिवू नगा." या बाईला स्वतःच्या पोरांचा ताप हात लावून कळत नसे, माझा रोग मात्र दारातून कळला.

शेवटी पुण्याला दवाखान्यात नेलं. मालिशचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मांडीच्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय. सुटून फुप्फुसात गेली असती म्हणजे?" इंजेक्शनांनी गुठळी वाढायची थांबली, सूज मात्र पुरती गेली नाही. बाईंनी समजावलं. रक्ताच्या नळ्यांशिवाय अंगात आणखी बारीक नळ्या असतात; मांसात झिरपलेलं पाणी गोळा करून त्या रक्तात परत सोडतात. शीर तुंबली की सगळा भार त्यांच्यावर येतो, आणि वाहून वाहून त्याही थकतात. म्हणून पट्टी बांधायची, पाय उशीवर ठेवायचा. हा हत्तीपाय नव्हे, कुणाला लागत नाही.

घरी मी हे सांगितलं. माझा आवाज मुळात बारीक. जाऊबाईंनी हंडा वेगळाच ठेवला.

दवाखान्याचे पैसे थोरल्या दिरांनी दिले होते. ते कंपनीत ओव्हरटाइम करायचे आणि त्याहून जास्त वेळ तो सांगत बसायचे. पाहुणे आले की माझ्या पट्टीकडे बोट. "बघा राव, धाकट्या सूनबाईंचा पाय माझ्या ओव्हरटाइमवर उभा हाय!" माझे मालकही हसायचे. त्या हसण्याची मला जास्त किळस यायची.

पैसे फिटेपर्यंत हे तोंड बंद होणार नव्हतं. भोसरीच्या एका शेडमधून मी रबरी वॉशर घरी आणू लागले. त्यांची फाजील कड कात्रीने कापायची. पाय वर ठेवून होणारं काम. जाऊबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या, "राणी बसलीया बघा, पाय पसरून." दिवसभर दुसऱ्यांच्या दारात बसणाऱ्या बाईने हे बोलावं!

कितीतरी वर्षं कातरत राहिले. मग एका दिवाळीला, पाहुण्यांनी घर भरलेलं असताना, दिरांपुढे नोटा ठेवल्या. मी पैसे साठवतेय हे माझ्या मालकांनाही ठाऊक नव्हतं. दिरांनी बोटाला थुंकी लावून त्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"एवढी काय घाई हुती?" म्हणाले, आणि खिशात घातल्या. पै न पै फिटली.