नमुना दोनचं स्पष्टीकरण

ऑफिसात तिला सगळे म्हणजेताई म्हणत, आणि हे नाव तिने कमावलेलं होतं. ती पूर्वी शाळेत गणित शिकवायची. फळ्यावर उत्तर आलं की वर्गाकडे वळून "म्हणजे..." म्हणत पुन्हा पहिल्यापासून सुरू. घरीही तेच. सासूबाई तर तोंडावर म्हणायच्या, "सूनबाई, चहा म्हणजे काय ते नको सांगूस, चहा आण."

आता ती प्रोग्रामिंगच्या स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीत होती. तिथे प्रत्येक कोड्याखाली एक नमुना असतो: अमुक आकडे दिले तर अमुक उत्तर यायला हवं. ते उत्तर कसं आलं, हे त्याखाली चार ओळींत सांगणं ही तिची नोकरी. दिसतं तेवढं सोपं नाही हे. जास्त सांगितलं तर कोडं फुटतं. कमी सांगितलं तर स्पर्धक भलतंच समजून बसतात आणि भर स्पर्धेत शंकांचा भडिमार सुरू होतो.

गेल्या वेळी नेमकं तेच झालं होतं. मुख्य परीक्षकांना, म्हणजे सरांना, स्पष्टीकरण हे आधीपासूनच नसते लाड वाटायचे. "ज्याला नमुना बघून कळत नाही त्याने स्पर्धेला येऊच नये," ते म्हणाले. "या वेळी पुन्हा शंका आल्या, तर स्पष्टीकरणं कायमची बंद." त्यांच्या स्वतःच्या कोड्याखाली तर त्यांनी तिला एक ओळही लिहू दिली नाही. म्हणे, माझं कोडं आरशासारखं स्वच्छ आहे! नोकरी काय, दुसरी मिळाली असती. पण आपलं कामच बिनकामाचं ठरावं, हे तिला फार झोंबलं होतं.

स्पर्धेच्या सकाळी ती लिफ्टच्या रांगेत उभी होती. तिच्या वाट्याला आलेलं कोडंही लिफ्टचंच होतं. लिफ्टमध्ये एका वेळी फार तर दोन माणसं, दोघांचं मिळून वजन फार तर शंभर किलो. तर सगळ्यांना वर न्यायला कमीत कमी किती फेऱ्या? नमुन्यात रांगेने तीस, पन्नास, ऐंशी आणि साठ किलोची माणसं होती. उत्तर तीन.

लिफ्ट आली आणि बघता बघता भरली. शेवटी एक धिप्पाड गृहस्थ चढले, तशी लिफ्ट कोकलायला लागली. ते बिचारे बाहेर आले, तेवढ्यात मागून एक काटकुळी बाई सुळकन आत शिरली. दार बंद, लिफ्ट वर.

"अहो, रांग आहे ना इथे!" गृहस्थ ओरडले.

म्हणजेताईने गर्रकन वळून त्यांच्याकडे पाहिलं. रांग! पुढच्याला सोडून मागच्याला आधी नेता येतं का, हे कोड्यात स्पष्ट लिहिलंच नव्हतं. आणि नमुना? तिने बोटांवर मोजलं. रांग पाळली तरी तीन, मोडली तरी तीनच. एवढ्या महत्त्वाच्या बाबतीत नमुना मूग गिळून बसला होता!

लिफ्टची वाट कोण बघतो? ती जिन्याने धावतच वर गेली.

"सर, नवा नमुना घालायचाय!"

"आता? ताई, अर्ध्या तासात सुरू होतंय सगळं!"

"जो बरोबर समजला त्यालाही हा जुना नमुना हो म्हणतो, आणि जो चुकीचं समजला त्यालाही! असला नमुना काय कामाचा?"

असा आवाज तिने वर्गातसुद्धा कधी चढवला नव्हता. तिने मार्कर उचलला आणि फळ्यावर लिहिलं: साठ, पन्नास, चाळीस, पन्नास. "रांगेनेच नेलं तर तीन फेऱ्या. हव्या तशा जोड्या लावल्या तर दोन. बघा!"

सरांनी फळ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "घाला. पण चुकलं तर तुमच्यावर."

उत्तरं तपासणाऱ्या सहकारी बाईंनी आकडे प्रोग्राममध्ये भरले. दोन! म्हणजेताईने खाली लिहिलं: 'आधी पहिला आणि तिसरा एकत्र जातात, मग दुसरा आणि चौथा. रांगेचा क्रम पाळायची गरज नाही.' जोड्या कशा शोधायच्या, त्याबद्दल चकार शब्द नाही. तो स्पर्धकांचा प्रश्न.

स्पर्धा सुरू झाली. शंकांचा पडदा कोराच्या कोरा. लिफ्टच्या कोड्याचं पहिलं बरोबर उत्तर आलं, दुसरं आलं, मग धडाधड येत सुटली. म्हणजेताईला खुर्चीत बसवेना. "आलं! हे बघा, अजून एक!" ती सारखी सहकारी बाईंचा खांदा हलवत होती.

एवढ्यात टिंग झालं. शंका! म्हणजेताई ताडकन पडद्याकडे वळली.

"लिफ्टचं नाही हो," सहकारी बाई पडद्यावर वाकून म्हणाल्या. "सरांच्या कोड्याचं आहे. विचारलंय, नमुन्यात उत्तर सात कसं आलं?"

टिंग. पुन्हा टिंग. मग थांबेचना. सगळ्यांचा प्रश्न एकच, सात कसं आलं? सरांनी उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. त्यांचे कान लाल झाले होते. तीनदा खोडल्यावर त्यांनी हात वर केले, उठले आणि आपली खुर्ची तिच्याकडे फिरवली.

"ताई, बसता का जरा? मला माहीत आहे हो सात कसं येतं, पण..."

"पण सांगता येत नाही," म्हणजेताई म्हणाली. तिने कीबोर्ड पुढे ओढला आणि लिहायला घेतलं, 'म्हणजे...'