पाटी उपडी कर

"पाटी उपडी कर गो."

पोलीस पाटील तरीवर, होडी सुटते तिथेच, खुर्ची टाकून बसलेला असायचा. दर सोमवारी. मी खाडीपलीकडे मालवणच्या बाजाराला निघालेली, डोक्यावर बांगडे भरलेली मासळीची पाटी. होडीत चढायच्या आधी ती वाळूत ओतायची. सगळ्यांच्या देखत. बाकीच्या बायका पाट्या घेऊन सरळ होडीत. मी ओणवी होऊन बांगडे गोळा करायचे. भवानी व्हायच्या आधीच माल बाद. वाळूत लोळलेला बांगडा कोण घेणार?

एवढ्यावर भागत नसे. पाटील म्हणायचा, "आता म्हण, मी परत करूचंय नाय."

मी म्हणायचे. मान खाली घालून. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

काय पुन्हा करायचं नव्हतं? गोव्यात फिरंग्यांचं राज्य होतं तेव्हा त्यांच्याशी लढणाऱ्यांसाठी सुक्या मासळीखाली लपवून मी सुरुंगाची दारू तिकडे नेली होती. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला सापडले. दोन वर्षं तिकडच्या तुरुंगात काढली. दारू कोणी दिली, एवढंच ते विचारायचे आणि तळपायांवर वेत ओढायचे. मी नाव सांगितलं नाही.

सुटून आले तर गावात माझं नाव बाँबवाली पडलेलं. पुढे गोवा मोकळा झाला, तरी माझी झडती चालूच. पाटील म्हणायचा, वरून हुकूम आहे. ज्याने एकदा केलं तो पुन्हा करतो, तुरुंगातून आलेल्याचा भरवसा नाही. मला अक्षर येत नव्हतं. हुकूम म्हटल्यावर मी गप्प.

एका सोमवारी पाटलाचा पुतण्या तरीवर आला. तोही गोव्याच्या तुरुंगात सहा महिने राहून आलेला. मालवणात त्याचा सत्कार होता. हातात चामड्याची बॅग. पाटलाने त्याला स्वतः हात धरून होडीत चढवलं. बॅग उघड म्हणाला नाही. परत करणार नाही म्हण, असंही म्हणाला नाही.

मला दारूची पुडकी देणारा हाच पुतण्या. त्याच्या घराच्या मागल्या दारी मला बोलावून म्हणाला होता, बाईमाणसाची पाटी कोण बघतो. त्याचंच नाव मी दोन वर्षं पोटात ठेवलं होतं.

माझी पाळी आली. मी पाटी खाली घेतली नाही. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू?

"पाटलानू, आदी ती बॅग उघडा. माझ्या पाटयेत गावलां तां हेंनीच दिल्यानी."

पुतण्याने तोंड पाण्याकडे फिरवलं. नाही म्हणाला नाही. पाटील उठला, पुन्हा तुरुंगात सडशील म्हणाला. मी म्हटलं, हुकूम दाखवा, बाजारात मास्तरांकडून वाचून घेते. कागद नव्हताच. कधीच नव्हता.

पाटलाने खूण केली आणि होडी मला टाकून गेली. दुपारपर्यंत बांगडे मऊ पडले. नवरा म्हणाला, जाऊन पाटलाचे पाय धर, नाहीतर चूल पेटायची नाही. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पुढच्या सोमवारी पाटी भरून गेले. पाटील खुर्चीत होताच. त्याने विचारलं, "परत करशील?"

"लागलां तर करतलंय," मी म्हटलं. "पण आता ज्येचां सामान, तेचां नाव आदी सांगतलंय."

आणि पाटी डोक्यावर तशीच ठेवून होडीत चढले.