हौदवाल्या चाचांची किटली

निजामाच्या अमदानीत औरंगाबादेत आमच्या घरामागं एका जागीरदाराची बाग होती आणि बागेत पोहायचा मोठा हौद. तो सांभाळणाऱ्या चाचांना मी रोज बघायची. हौदात विहिरीचं पाणी यायचं, ते जड; नहरीचं, म्हणजे शहरातल्या जुन्या कालव्याचं, हलकं. चाचा सकाळी तळहातावर हौदाचं पाणी घेऊन साबण चोळायचे. फेस आला नाही, की "पानी रुसलंय आज," म्हणत थोडं पाणी सोडून द्यायचे आणि नहरीचं आत घ्यायचे. तरी पायऱ्यांवर क्षाराची पांढरी खपली धरलीच, तर चिंचेच्या कोळानं घासत बसायचे. पोहणाऱ्या कुणाचा गुडघा तिच्यावर खरचटला, तर तोंड चाचांचं उतरायचं.

त्यांच्या चहाच्या किटलीत मात्र त्याच खपलीचा बोटभर जाड थर! एकदा ईदेच्या आधी आईनं ती मागून घेतली आणि चिंच लावून लख्ख केली. चाचांनी आत डोकावून पाहिलं. "लई मेहनत केली, भाबी," एवढंच म्हणाले. मग आमच्याच चुलीवर चहा केला, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"बरा नाही झाला का?" आईनं विचारलं.

"झाला की. पन परक्या घरचा लागला."

त्यानंतर ती किटली त्यांनी आमच्या ओट्यावर कधी टेकवली नाही.

आता सून किटल्या साफ करायची पावडर आणते आणि माझी किटली शोधत फिरते. मी ती गव्हाच्या डब्यामागं ठेवलेली असते.